दम खात खात

कोल्हापूर
१२ मार्च १९८१

प्रिय रशिदा,

तुझं संक्रांतीचं पाकीट मिळालं. त्यातला हलवा मुंग्यांना मिळाला. दोन महिने उत्तर नाही म्हणून फुगली असशील, तर फुग. शाळेतले परीक्षेचे पेपर आणि घरातला रगाडा यातून मान वर निघत नाही.

आज मुद्दाम बसले, कारण काम आहे. आम्ही दोघं मे महिन्यात केदारनाथला निघतोय. आमच्या अक्काचं वेड तुला ठाऊक आहेच. पंचगंगेचं पाणी केदारनाथाच्या पिंडीवर घालायचं, एवढं एकच तिनं आयुष्यभर घोकलं. आधी घरात लहान पोरं होती, मग तिचे गुडघे गेले, आणि परवाच्या दिवाळीत ती स्वतःच गेली. जाताना मला म्हणाली, "सरे, पाणी तेवढं घाल." आईनं मुलीकडे दुसरं काही मागितलं नाही गं. ते झाल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

पाण्यासाठी तांब्याचा लहान गडू आणला आणि तोंड बंद करून घ्यायला तुझ्या अब्बांकडे गेले. मीरासाबचाचा आता कल्हईचं काम जास्त करत नाहीत, पण माझं नाव ऐकल्यावर भाता काढून बसले, गडूला आतून कल्हई केली आणि तोंड पाणी भरल्यावर बंद करू म्हणाले. मला समोर बसवून चहा पाजला. आपण परकराच्या ओच्यात कथलाचे मणी गोळा करायचो, त्याची आठवण काढून एकटेच हसत होते. तुझी चौकशी केली. रशिदा पत्रात सगळं बरंच लिहिते, म्हणजे काहीतरी लपवते, असं म्हणाले.

आता काम. शेजारच्या बनाबाई केदारनाथला जाऊन आल्या. त्या सांगतात की वर हवाच नसते, कापूर हुंगत जावं लागतं. आमच्या घरातले पैलवान ऐकून हसतात. म्हणतात, "खासबागेत गड्याखाली दबून कुस्ती काढलीया, मला कसली हवा लागतीया." वयाची चोपन्न झाली, कारखान्यातल्या खुर्चीत बसून पोट सुटलं, तरी रोज पहाटे तालमीत जाऊन पोरांना डाव शिकवणं चालू आहे. तू लडाखात मिलिटरीच्या इस्पितळात नर्स होतीस, तेव्हा खरं काय ते तूच लिही. येताना तुझ्याकडे देहरादूनला येणार आहोत. किती वर्षं झाली, ते मोजायला नको.

तुझी,
सरू


देहरादून
२५ मार्च १९८१

प्रिय सरू,

पत्र वाचलं आणि ड्यूटीवर जायला उशीर केला. अक्काच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा आठवला. ती मला चुलीपासून चार हात लांब बसवायची, पण पहिली भाकरी मलाच द्यायची. तिचं पाणी वर गेलंच पाहिजे.

तर ऐक, आणि भावजींनाही ऐकव. वर हवा असते, पण विरळ असते. एका श्वासात जेवढं खाली मिळतं तेवढं तिथं मिळत नाही. शरीराला त्याची सवय होते, पण सवय व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि माणसं नेमकी तिथंच घाई करतात. गौरीकुंडापर्यंत बस जाते. तिथं एक दिवस नुसता मुक्काम करा. मग चढ. निम्म्यावर रामबाडा लागेल, तिथं रात्र काढता आली तर फार चांगलं. बोलता बोलता चालता येईल एवढ्याच वेगानं चाला. तहान नसली तरी पाणी पीत राहा, पोटाला थोडं थोडं खा. झोपेची गोळी घ्यायची नाही, दारू तर नाहीच. कापराचा वास चांगला येतो, बाकी त्यानं काही होत नाही.

डोकं दुखलं, मळमळलं, तर पुढं पाऊल टाकायचं नाही. तिथंच दम धरायचा. बरं वाटलं तरच पुढं. आणि माणूस बरळायला लागला किंवा पाय वाकडे पडायला लागले, तर देव समोर दिसत असला तरी खाली उतरायचं, त्याच घटकेला. त्या दुखण्यावर उतरणं हेच औषध आहे.

पाय वाकडे पडतात की नाही ते कसं ओळखायचं? आपण रंकाळ्याच्या कठड्यावरून चालायचो ते आठव. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत, हात पसरून. तू दर वेळी पाण्याच्या बाजूला झुकायचीस. तसं चालायला लावायचं. चांगला माणूस चालतो, बिघडलेला माणूस कलतो.

हे सगळं मी भावजींसाठी लिहितेय, तुझ्यासाठी नाही. तू भित्री आहेस, तुला काही होणार नाही. लेहला आमच्याकडे गडहिंग्लजकडचा एक जवान आणला होता, पैलवान गडी. त्यानं दोन दिवस डोकेदुखी लपवली, का तर बाकीचे हसतील. मी विचारायची, कसं वाटतंय रे? तो म्हणायचा, "काय न्हाय, सिस्टर." शेवटपर्यंत काय न्हाय, काय न्हाय. त्याच्या आईला पत्र मी लिहिलं, कारण तिथं मराठी लिहिणारी मी एकटीच होते. ताकदीचा आणि या दुखण्याचा संबंध नाही सरू. उलट ताकदवान माणूस जास्त लपवतो.

अब्बांना माझा सलाम सांग. मी काही लपवत नाही म्हणावं, फक्त सांगत नाही.

तुझी,
रशिदा


कोल्हापूर
३ मे १९८१

प्रिय रशिदा,

सामान बांधून झालं. येत्या रविवारी निघतो. तेरा-चौदा तारखेला हरिद्वारच्या मराठी धर्मशाळेत, तिथला पत्ता मागं लिहिला आहे. तिथून गौरीकुंड, आणि सोमवारी अठराला वर.

तुझं पत्र यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. जवानाची गोष्ट आली तेव्हा मिशीवरून हात फिरवला. पण त्याच्या आधीचं एक वाक्य त्यांना फार आवडलं, तुझं ते दम धरायचं. ते वाचताच मांडीवर थाप मारली. "बाई तालमीतली वाटती की. गडी वर बसला, मान रगडाय लागला, तरी दम धरायचा, पाठ लावू द्यायची न्हाय." आता तालमीतही सगळ्यांना सांगत सुटलेत की मिलिटरीच्या सिस्टरचा सल्ला हाय. चला, तुझं काहीतरी पटलं, हेच पुष्कळ.

एक दिवस मुक्कामाचं मात्र जमत नाही. कारखान्यानं रजा मोजून दिली, त्यात गौरीकुंडाचा दिवस यांनी कापला. तुझ्याकडचा दिवस कापायला मी तयार नव्हते. वर जायचा दिवस सोमवार येतोय म्हणून अक्काच्या नावानं दोघांनी निर्जळी उपास धरायचा ठरवलाय. दर्शन घेऊन, पाणी घालून, मगच तोंडात पाणी. हेही यांचंच. सासूबाईंवर यांचा जीव होता, बोलून दाखवत नाहीत एवढंच.

गडूत पाणी भरून आणायला मीरासाबचाचा माझ्याबरोबर घाटावर आले होते. काठी टेकत पायऱ्या उतरले. मी नको म्हणत होते. गडू स्वतः बुडवून भरला आणि घरी नेऊन झाकणाला कथलाचा डाख देऊन तोंड बंद केलं.

आता भेटीतच बोलू.

तुझी,
सरू


तार
देहरादून, ११ मे १९८१

अंबादासराव व सरोजिनीबाई, मराठी धर्मशाळा, हरिद्वार

दम धरू नका. दम खा. उपास नको. पाणी प्या. डोके दुखल्यास थांबा. बरळल्यास उतरा.
रशिदा


कोल्हापूर
७ जून १९८१

प्रिय रशिदा,

सुखरूप पोचलो. तुझ्या घरी खाल्लेल्या लिच्यांची चव अजून जिभेवर आहे. आपण दोघी म्हाताऱ्या झालो, हे मला तुझ्याकडे बघून कळलं. तुलाही माझ्याकडे बघून कळलंच असेल, पण तू चांगली आहेस, बोलली नाहीस.

तुझ्या व्हरांड्यात बसून यांनी सांगितलं की पावसानं वाट खचली म्हणून दर्शन न घेता परतलो. मी मान हलवली. नवऱ्याला त्याच्याच तोंडावर खोटं पाडणं मला जमलं नाही. पण तुझ्याशी खोटं बोलून घरी आल्यापासून घास गोड लागेना. पाऊस नव्हता गं. ऊन पडलं होतं.

तुझी तार हरिद्वारला मिळाली. हे हसले. म्हणाले, आधी दम धर म्हणती आणि आता धरू नको म्हणती, बायकांचं काय खरं न्हाय. मी तार कमरेच्या पिशवीत ठेवली. चढाला लागलो आणि पहिल्याच टपरीवर मी उपास मोडला, पाणी प्यायले, चहा घेतला. अक्काला मनातल्या मनात सांगितलं की रशिदानं सांगितलंय. हे प्यायले नाहीत. गडू खांद्याला अडकवून पुढं, तालमीला उशीर झाल्यासारखे.

रामबाड्याला मी पोचले तर हे दगडाआड वाकले होते. मिशा पुसत आले. डोळे लाल. विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय, पित्त हाय." रशिदा, तो शब्द ऐकला आणि मला तुझा गडहिंग्लजचा पोरगा आठवला. मी म्हटलं, इथंच थांबू. तेव्हा म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीनंच लिवलंय न्हवं, दम धर म्हणून? धरलाय की." आणि निघाले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू थांबायला सांगितलं होतंस आणि माझा पैलवान झुंजत होता. मी तार काढून समोर धरली. त्यांनी बघितलीसुद्धा नाही.

देवळाच्या अलीकडं, गरुडचट्टीला, माझ्याकडे वळून म्हणाले, "गुलाल आणलास न्हवं? जोतिबा आलाच की." मला वाटलं थट्टा. पण हे कधी थट्टा करतात? मग म्हणाले, यंदा गर्दी कशी न्हाय डोंगराला. मी पुढं होऊन वाट अडवली. काठीनं मातीत रेघ ओढली आणि म्हटलं, हा रंकाळ्याचा कठडा, याच्यावरून चालून दाखवा. एक पाऊल टाकलं. दुसरं रेघेबाहेर. तिसऱ्याला खाली बसले, आणि लहान मुलासारखे माझ्याकडे बघत राहिले.

वरून उतरणारे लोक सांगत होते, आलंच, पुढच्या वळणावरून देऊळ दिसतं. एक बाई म्हणाली, यांना टपरीत निजवा, आम्ही बघतो, तुम्ही गडू घेऊन जाऊन या, एवढ्या लांबून आलात. मी क्षणभर उभी राहिले. अक्काचा चेहरा समोर होता. सरे, पाणी तेवढं घाल. मग मी गडू त्यांच्या खांद्यावरून काढून माझ्या खांद्याला लावला आणि उताराकडे तोंड केलं. अक्का रागावली असेल तर रागावो, मला तिचा जावई पाहिजे होता.

चार डोलीवाल्यांनी उचललं. वजन बघून चौघं कुरकुरत होते. रामबाड्याच्या खाली यांनी पाणी मागितलं. गौरीकुंडाला म्हणाले, "आपून खाली का आलोय?" मी सांगितलं. भिंतीकडे तोंड करून रडले. नंतर ऋषिकेशपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. भरलेला गडू घेऊन कोल्हापुरात कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणाले, म्हणून तुझ्याकडे ठेवला. तुला सांगितलं, ओझं नको म्हणून. तेही खोटं.

पाणी घातलं नाही याचं मला रोज वाईट वाटतं. उतरले याचं मात्र एकदाही वाटत नाही.

तुझी,
सरू


देहरादून
२० जून १९८१

प्रिय सरू,

वेडे, मला दारातच कळलं होतं. भरलेला गडू घेऊन यात्रेहून परतणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. पहिल्या संध्याकाळी मी भावजींना दोनदा व्हरांड्याच्या टोकापर्यंत पिटाळलं, माळ्याला हाक मारायला. माळी सुट्टीवर होता. मला त्यांची चाल बघायची होती. फरशीच्या रेघेवरून सरळ गेले, तेव्हा मी चहा टाकला.

तू जे केलंस ते आमच्या कितीतरी अधिकाऱ्यांना जमत नाही. शिखर समोर दिसत असताना माणसाला पाठ फिरवायला लावणं फार अवघड असतं. अक्का रागावणार नाही.

पण तो शब्द माझा होता आणि त्यानं माझी झोप उडवली. दम धर लिहिताना मला माझी अम्मी ऐकू येत होती. डाळ शिजेपर्यंत ताटली वाजवणाऱ्या आम्हा पोरांना ती ओरडायची, "दम धरा की गं जरा." म्हणजे थांबा, बसा, होतंय. भावजींना त्याच शब्दात त्यांचे वस्ताद ऐकू आले. दोघंही एकाच गावचे, पण माझं कोल्हापूर स्वयंपाकघरातलं आणि त्यांचं तालमीच्या हौद्यातलं. तुझं तीन तारखेचं पत्र वाचलं आणि तार करायला धावत गेले.

गडू कपाटावर ठेवलाय. रोज पुसते. अब्बांचं काम मी कुठंही ओळखीन. झाकणाखालून तांब्याची बारीक जीभ बाहेर ठेवायची त्यांची पद्धत आहे, ती ओढली की डाख सुटतो. म्हणायचे, बंद करणाऱ्यानं उघडणाऱ्याचा विचार करावा. भावजींना सांग, गडू सुखरूप आहे आणि पावसाची गोष्ट मला पटलेली आहे.

तुझी,
रशिदा


कोल्हापूर
२४ जानेवारी १९८२

प्रिय रशिदा,

तार तुला मिळाली असेल. तुला पोचता आलं नसतं, हे इथं सगळ्यांना ठाऊक होतं. मनाला लावून घेऊ नको.

चाचांना फार त्रास झाला नाही. आदल्या दिवशी बाळासोच्या हॉटेलातली पातेली बघून कल्हई कुणी केली म्हणून नाक मुरडलं होतं. सकाळी उठलेच नाहीत. ह्यांनी कारखान्यात निरोप धाडला आणि चाचांच्या घरीच थांबले. खांदा दिला, सबंध वाटभर, कुणाला बदलू दिला नाही. घरी आल्यावर मी विचारलं, दमलात का? काय न्हाय म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. मग म्हणाले, "व्हय, दमलो." माझ्या संसारात हे पहिल्यांदा ऐकलं.

रात्री स्वतःहून म्हणाले की रशिदाताईंना लिही, गडू आता त्यांच्याकडेच राहू दे, डाख फोडू नका, त्यांच्या बापाच्या हाताचं शेवटचं काम हाय. मलाही तेच वाटतं. अक्का तुझ्या अब्बांना ओळखून होती. तिला चालेल.

भाता आणि चिमटे मी आमच्या माळ्यावर ठेवलेत. तू येशील तेव्हा बघ.

तुझी,
सरू


गौरीकुंड
९ जून १९८२

प्रिय सरू,

पत्ता वाचून दचकू नको. वरून उतरून आज इथं पाय शेकत बसलेय.

गडू महिनोन्‌महिने समोर ठेवून बघत होते. तुम्ही दोघांनी तो मला देऊन टाकला, पण त्यातलं पाणी तुमचं नव्हतं, अक्काचं होतं. अब्बा काठी टेकत घाटाच्या पायऱ्या उतरले, ते माझ्या कपाटासाठी नाही. म्हणून रजा काढली आणि निघाले. मी माझंच ऐकलं. गौरीकुंडाला एक दिवस नुसती बसले. रामबाड्याला रात्र काढली, डोकं थोडं धरलं होतं म्हणून सकाळीही निघाले नाही, दुपारपर्यंत थांबले. मग दर वळणाला दम खात खात. माझ्यामागून आलेल्या म्हाताऱ्या पुढं निघून गेल्या. गरुडचट्टीला तुझी रेघ शोधली. वर्षात कुठली राहतेय, पण मी आपली तिथं टाचेला अंगठा लावून चालून घेतलं. लोक बघत होते. मी सरळ चालते अजून.

देवळात मी गेले नाही. बाहेर दगडावर बसून एका पुजाऱ्याला सांगितलं की कोल्हापूरचं पाणी आणलंय, आत घालाल का? तो हो म्हणाला. मग गडू मांडीवर घेतला आणि ती जीभ बोटात धरली. ती ओढायला मला जेवढा वेळ लागला तेवढा तो सबंध चढ चढायला लागला नाही. थंडीनं बोटं वळत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी रडत होते. डाख एका ओढीत सुटला. उघडणाऱ्याचा विचार केला होता त्यांनी.

पुजाऱ्यानं विचारलं, कुणाच्या नावानं? मी म्हटलं, अक्का. तो म्हणाला, नाव? तेव्हा लक्षात आलं की अक्काचं खरं नाव मला ठाऊकच नाही, इतकी वर्षं तिची भाकरी खाल्ली तरी. म्हटलं, अक्काच. मग गोत्र विचारलं. म्हटलं, कोल्हापूर. त्यानं वर बघितलं, पण हसला नाही, तेच पुटपुटत वळला. तेव्हा मी हळूच आणखी एक नाव सांगितलं, मीरासाब. आत घंटा वाजत होत्या, त्यानं ऐकलं की नाही ठाऊक नाही. पाणी मात्र घातलं. मी दारातून बघितलं.

अक्काचं काम झालं, सरू. आता रोज वाईट वाटून घ्यायचं बंद कर.

ऑगस्टअखेर मी नोकरीतून सुटतेय, आणि मी कोल्हापूरला येतेय, राहायला. रिकामा गडू बरोबर आणते. त्याला परत डाख द्यायचा नाही, तुझ्या देवघरात उघडाच ठेव. भाता माळ्यावरून काढून ठेव. आल्यावर एकदा रंकाळ्यावर जाऊ आणि तू अजून पाण्याच्या बाजूला झुकतेस का ते बघू.

भावजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, मी येईपर्यंत जरा दम धरा. आमच्या अम्मीचा.

तुझी,
रशिदा